वर्डप्रेसचा लिस्ट ब्लॉक: पाककृतीला पुरतो, शासन निर्णयाला नाही

वर्डप्रेस या वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये पान ब्लॉक नावाच्या तुकड्यांनी बनतं, आणि लिस्ट ब्लॉक हा त्यातला यादीचा तुकडा. ओळीच्या सुरुवातीला '1.' लिहून स्पेस दिली की क्रमांकित यादी सुरू होते. '१.' लिहिलं तर काहीच होत नाही, तो साधा मजकूरच राहतो. मराठी साइट चालवणाऱ्याला ब्लॉकचा स्वभाव इथेच कळतो.

उजवीकडच्या सेटिंग्जमध्ये क्रमांकाची शैली (आकडे, इंग्रजी अक्षरं, रोमन), सुरुवातीचा आकडा आणि उलटा क्रम एवढं मिळतं. उलट्या क्रमात दहा मुद्दे आपोआप 10 वरून 1 वर उतरतात. सोबत सुरुवात 5 दिलीत, तर 1 नंतर 0, -1 असे आकडे दिसू लागतात.

खरी अडचण फोटोची. मुद्द्याच्या आत इमेज ब्लॉक बसत नाही, त्यामुळे तीन पायऱ्यांनंतर फोटो टाकला की यादीचे दोन तुकडे होतात आणि दुसरा पुन्हा 1 पासून सुरू होतो. त्याला सुरुवात 4 द्यायची. पुढे कधी वरच्या यादीत एक पायरी वाढवली, तर हे 4 हाताने 5 करावं लागतं. विसरलात तर पानावर दोन चौथ्या पायऱ्या. फोटो छोटा असेल तर टूलबारमधली इनलाइन इमेज (ओळीतच बसणारा फोटो) वापरा, यादी तुटत नाही.

देवनागरी आकडे शैलींच्या यादीत नाहीत, पण ब्राउझरला ते येतात. ब्लॉकच्या 'अ‍ॅडव्हान्स्ड'मध्ये एक क्लास (ब्लॉक ओळखायचं नाव) द्या आणि अतिरिक्त सीएसएसमध्ये (पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडमध्ये) त्या क्लासला 'लिस्ट-स्टाइल-टाइप'ची 'देवनागरी' हे मूल्य द्या. स्पेलिंग डी-ई-व्ही-ए-एन-ए-जी-ए-आर-आय, मधला 'ए' गाळलात तर एरर येत नाही, गुपचूप 1, 2, 3 दिसत राहतात. शैलीच्या ड्रॉपडाउनमध्ये 'आकडे'च असू द्या. रोमन निवडलंत तर ते थेट यादीच्या एचटीएमएल टॅगवर (पानाच्या मूळ कोडमध्ये) लिहिलं जातं आणि तुमच्या क्लासवर मात करतं.

शासन निर्णयासारख्या मजकुरात अ, ब, क, ड हवं असेल तर 'काउंटर-स्टाइल' हा क्रमांकांची चिन्हं ठरवणारा सीएसएस नियम स्वतः लिहावा लागतो. क्रोम 91 आणि सफारी 17 पासून तो चालतो. मधल्याच एका मुद्द्याला वेगळा क्रमांक द्यायची सोय मात्र ब्लॉकमध्ये नाही. एचटीएमएलमध्ये त्यासाठी 'व्हॅल्यू' आहे, पण कोड एडिटरमधून ती घातली की वर्डप्रेस तो ब्लॉक अवैध ठरवतं. अशी यादी सरळ कस्टम एचटीएमएल ब्लॉकमध्ये लिहावी.