साठ रुपयांचे शालेय वार्तापत्र आणि वर्षअखेरचे सहा आठवडे

वडोदऱ्यात दांडिया बाजाराच्या परिसरातील ज्या ग्रान्टेड, म्हणजे अनुदानित, प्राथमिक शाळेत माझी मुलगी चौथीत शिकते, त्या शाळेचे छापील वार्तापत्र गेली तीन वर्षे आमच्या घरी येत आहे. वर्षाला सहा अंक निघतात, वर्गणी साठ रुपये आहे आणि ज्या घरांना तेवढेही जड जाते त्यांच्याकडे ती मागितली जात नाही. एरवीचे अंक चार पानी असतात. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात निघणारा वर्षअखेरचा अंक मात्र बारा पानी असतो आणि वार्षिक परीक्षेपासून उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंतच्या सर्व कार्यक्रमांची माहिती त्यात एकत्र दिलेली असते. येत्या जूनमध्ये ज्यांची मुले अशा शाळांत दाखल होणार आहेत त्यांना उपयोग व्हावा, म्हणून या वर्षीच्या अंकाविषयी आणि त्यात जाहीर झालेल्या कार्यक्रमांविषयी सविस्तर लिहीत आहे. शाळेचे नाव मी देत नाही, कारण पुढे एक तक्रारही नोंदवायची आहे आणि तिने शाळेला कमीपणा यावा अशी माझी इच्छा नाही.

अंक दिसायला साधा आहे. काळ्या शाईत, जरा पिवळसर कागदावर छापलेला आणि मधोमध दोन पिना मारलेला. मुख्य मजकूर गुजरातीत, दोन पाने मराठीत आणि एक पान मुलांच्या स्वतःच्या हस्ताक्षरात, जसेच्या तसे उतरवलेले. आमच्याकडे अंक आला की तो आधी सासूबाईंच्या हाती जातो. त्यांना गुजराती उत्तम वाचता येते, तरीही मराठी पानांपासूनच त्या सुरुवात करतात आणि नातीला जवळ बसवून मोठ्याने वाचतात. शाळेत काय चालले आहे हे घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला कळणे आणि त्यावर दोन दिवस घरात बोलणे होणे, हे या वार्तापत्राने आमच्याकडे घडवून आणले आहे. फोनवरच्या पालकगटात रोज वीस-पंचवीस संदेश येतात, पण त्यांतला एकही सासूबाईंपर्यंत पोहोचत नाही.

या अंकातील सर्वांत मोलाचा भाग म्हणजे वर्गवार पाने. बहुतेक शाळांच्या वार्षिक अंकांत स्नेहसंमेलनात नाचलेली, वक्तृत्वात पहिली आलेली आणि गुणवत्ता यादीत बसलेली तीच ती दहा-बारा मुले पानोपानी दिसतात. उरलेल्यांच्या आईवडिलांनी अंक चाळावा आणि ठेवून द्यावा. येथे पहिली ते आठवीच्या प्रत्येक मुलाविषयी त्याच्या वर्गशिक्षिकेने एक वाक्य लिहिलेले असते, आणि ते गुणांविषयी नसते. चौथीच्या पानावर चौतीस मुलांची चौतीस वाक्ये आहेत. एका मुलाने दिवाळीच्या सुट्टीतही येऊन व्हरांड्यातील कुंड्यांना पाणी घातले, असे त्याच्याविषयी लिहिले आहे. एक मुलगी आजारपणामुळे दोन महिने घरी होती आणि परत आल्यावर तिने राहिलेल्या सर्व वह्या स्वतः उतरवून पूर्ण केल्या. माझ्या मुलीविषयी लिहिले आहे की तिने शेजारी बसणाऱ्या मुलीला सतराचा पाढा शिकवला. ही गोष्ट तिने घरी कधी सांगितलीच नव्हती. चौतीस मुलांकडे वर्षभर इतक्या बारकाईने लक्ष ठेवणे आणि परीक्षेच्या धांदलीत ते लिहून काढणे किती कष्टाचे आहे याची मला कल्पना आहे, आणि त्याबद्दल तिच्या बेनविषयी, म्हणजे वर्गशिक्षिकेविषयी, माझ्या मनात नितांत आदर आहे. या पानावर छायाचित्रे नाहीत, आणि इतरत्र जी आहेत त्यांच्याखाली मुलांची नावे दिलेली नाहीत. मुलांचे फोटो नावागावासकट कुठेही फिरत असतात अशा दिवसांत शाळेने ठेवलेले हे पथ्य मला फार योग्य वाटते.

मुलांच्या हस्ताक्षरातील पान तिसरीच्या सहलीविषयी आहे. सहल लांब नव्हती, आपल्या सयाजीबागेतच होती, जिला गावात अजूनही सगळे कमाटीबाग म्हणतात. विश्वामित्रीच्या काठची ही बाग १८७९ पासूनची असून तिच्यातील संग्रहालयाची इमारत १८९४ मधील आहे. त्या संग्रहालयातील निळ्या देवमाशाचा सांगाडा मुलांनी आपल्या पावलांनी मोजला आणि प्रत्येकाचा आकडा वेगळा आला. एकाचा एक्केचाळीस, एकीचा छत्तीस, दुसऱ्या एकाचा बावन्न. पानावर हे सगळे आकडे एकाखाली एक लिहिले आहेत आणि त्यांच्याखाली मुलांनी काढलेला निष्कर्ष आहे की पाऊल लहानमोठे असते, म्हणून मोजपट्टी लागते. मोजमापाचा धडा याहून चांगल्या रीतीने शिकवता येईल असे मला वाटत नाही. संपादकांनी येथे मुलांचे शुद्धलेखन दुरुस्त केले नाही, हेही उत्तम झाले.

मराठी पानांचे मुद्रितशोधन मात्र झालेले दिसत नाही. ‘दुसऱ्या’, ‘चौथीतल्या साऱ्या’ यांतील अर्धा र जवळजवळ सर्वत्र रफार होऊन बसला आहे, आणि त्याहून गंभीर म्हणजे काही गुजराती शब्द अर्थ न बदलता तसेच आले आहेत. गुजरातीत ‘परिणाम’ म्हणजे निकाल. मराठी पानावर ‘वार्षिक परीक्षेचे परिणाम मे महिन्यात कळवले जातील’ असे छापले गेले आणि आमच्या ओळखीच्या एका आजीबाई परीक्षेने मुलांवर काय परिणाम होणार म्हणून काळजीत पडल्या. वडोदऱ्यात आपण सगळेच बोलताना दोन्ही भाषा मिसळतो आणि त्यात काही वावगे नाही, परंतु मुलांच्या हाती जाणाऱ्या छापील पानावर मराठी मराठीच असली पाहिजे. मुलांना मराठी छापील मजकूर वाचायला मिळण्याच्या जागा या शहरात आता थोड्याच उरल्या आहेत.

चूक दाखवली की हे वार्तापत्र ती मान्य करते, याचा अनुभव मला गेल्या वर्षी आला. एका अंकात महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्यावरील टिपणात लिहिले होते की १८९३ मध्ये त्यांनी संपूर्ण बडोदा संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. वस्तुतः १८९३ मध्ये हा प्रयोग दूर काठेवाडातील अमरेली भागात, मर्यादित क्षेत्रात सुरू झाला, आणि तेथील अनुभव जमेस धरून १९०६ मध्ये तो साऱ्या संस्थानाला लागू झाला. ही सक्ती मुलींनाही होती. गोपाळ कृष्ण गोखले यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले ते १९११ मध्ये, म्हणजे बडोद्यात कायदा झाल्यानंतर पाच वर्षांनी. मी चार ओळींचे पत्र पाठवले. पुढच्याच अंकात पहिल्या पानावर दुरुस्ती छापून आली, आणि आधी थोड्या जागी करून पाहायचे व मग सगळीकडे न्यायचे, ही महाराजांची पद्धत मुलांना समजेल अशा भाषेत तेथे सांगितलेली होती. ज्या गावात मुलीला शाळेत न पाठवल्याबद्दल शंभर वर्षांपूर्वी पालकांना दंड होत असे, त्या गावातील शाळेच्या वार्तापत्राने हा इतिहास अचूक छापणे मला आवश्यक वाटते.

वर्षअखेरच्या कार्यक्रमांपैकी तिथी भोजन आणि गणवेशांची देवाणघेवाण हे दोन कार्यक्रम विशेष नीट पार पडले. तिथी भोजनाची प्रथा गुजरातबाहेरच्या वाचकांना कदाचित ठाऊक नसेल. वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस किंवा कुणाची पुण्यतिथी अशा दिवशी एखादे कुटुंब शाळेतील मुलांना जेवण देते. रोजच्या मध्यान्ह भोजनाला ही समाजाची जोड असते. या वेळी आठवीच्या पालकांनी एकत्र येऊन निरोप समारंभाच्या दिवशी पुरी, बटाट्याची भाजी आणि श्रीखंड दिले. वार्तापत्रात जेवणातील पदार्थ आणि पंगतीची वेळ छापली होती, कुणी किती पैसे दिले हे छापले नव्हते, आणि पुढील वर्षाच्या मोकळ्या तिथींची यादी दिली होती. ती पाहून आम्ही सासऱ्यांच्या पुण्यतिथीचा दिवस लगेच कळवला.

गणवेशांसाठी व्हरांड्यात दोन बाके लावली होती. घरून धुऊन, इस्त्री करून आणलेले सदरे आणि स्कर्ट मापाप्रमाणे रचलेले होते आणि ज्याला जे हवे ते त्याने न विचारता घ्यायचे होते. आम्ही घेतलेल्या एका सदऱ्याच्या कॉलरच्या आत निळ्या दोऱ्याने कुणाचे तरी आडनाव टाचलेले होते, आणि त्याखाली दुसऱ्या रंगाच्या दोऱ्याने आणखी एक. म्हणजे हा सदरा याआधीही एकदा असाच हातोहात गेला होता. मुलीने त्याखाली आपले आडनाव टाचून घेतले. चांगल्या स्थितीतील पिशव्या आणि दप्तरेही आली असती तर बरे झाले असते. पुढच्या वेळी सूचनेत त्यांचा उल्लेख करावा.

या अंकाची आठवण मला दीर्घकाळ राहील ती शाळेत घंटा देणाऱ्या मावशींवरील पानामुळे. बावीस वर्षांच्या नोकरीनंतर त्या या एप्रिलमध्ये निवृत्त झाल्या, आणि मुख्याध्यापिकांच्या मनोगताला अर्धे पान असताना मावशींना पूर्ण पान दिलेले आहे. सातवीच्या चार मुलींनी त्यांच्याशी बोलून ते लिहिले आहे. सुरुवातीच्या वर्षांत घंटा म्हणजे कडुनिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा होता, तो कोणत्या जागी ठोकला म्हणजे आवाज मागच्या वर्गापर्यंत जातो, विजेची घंटा आल्यावरही तो तुकडा त्यांनी का काढू दिला नाही, पावसाळ्यात दिवे गेल्यावर तो किती वेळा कामी आला, हे सर्व त्यांच्याच बोलण्याच्या ढंगात आले आहे. डबा न आणलेले मूल ओळखायचे कसे, तर ते मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीजवळ उगाच रेंगाळते, असेही त्यांनी सांगितले आहे. मुलींनी हे वाक्य वगळले नाही, यासाठी त्यांचे आणि त्यांच्या शिक्षिकेचे मनापासून कौतुक करावेसे वाटते. निरोपाच्या दिवशी पहिलीच्या प्रत्येक मुलाला तो रुळाचा तुकडा एकदा वाजवू दिला होता.

आता तक्रार. मैदानाच्या दुरुस्तीमुळे हिवाळ्यात राहून गेलेल्या धावण्याच्या शर्यती परीक्षेआधीच्या शनिवारी घेण्याचे ठरले होते आणि अंकात सकाळी साडेनऊची वेळ छापली होती. ऊन वाढल्यामुळे ती वेळ साडेसातवर आणली, आणि हा बदल योग्यच होता. एप्रिलमध्ये येथे साडेनऊला मैदानावर उभे राहवत नाही. परंतु बदल कळवला तो आदल्या रात्री साडेनऊ वाजता, आणि तोही केवळ फोनवरच्या पालकगटात. माझ्या मुलीच्या वर्गातील एका मुलीची आई पहाटेपासून चार घरी स्वयंपाक करते आणि घरातला एकुलता एक फोन मुलीच्या वडिलांबरोबर कामावर जातो. अंकातील वेळेप्रमाणे मायलेकी नऊच्या सुमारास आल्या, तेव्हा शिक्षक मैदानावरची चुन्याची आखणी पुसत होते आणि बक्षिसे वाटून झाली होती. चौथीच्या पानावर याच मुलीविषयी लिहिले आहे की ती शर्यतीसाठी रोज मधल्या सुट्टीत सराव करते. तिच्या आईने शाळेचा छापील शब्द प्रमाण मानला, यात तिची काहीही चूक नव्हती. तिला सरबत देऊन, पुढच्या वर्षी पाहू असे सांगून परत पाठवण्यात आले, याचे मला आजही वाईट वाटते.

हा विषय मी शाळा व्यवस्थापन समितीच्या वर्षअखेरच्या सभेत मांडला. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे अनुदानित शाळेतील या समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. त्यामुळे मायलेकींच्या बाजूने बोलणारे आवाज सभेत कमी पडले नाहीत. मुख्याध्यापिकांनी चूक मान्य केली. यापुढे कोणताही बदल मुलांच्या हाती चिठ्ठी देऊन आणि फाटकाजवळच्या फळ्यावर लिहून किमान एक दिवस आधी कळवायचा, आणि तेवढा अवधी नसेल तर कार्यक्रम पुढे ढकलायचा, असे ठरले. वार्तापत्रानेही प्रत्येक मैदानी कार्यक्रमाखाली पर्यायी तारीख आणि वेळ आधीच छापावी, ही माझी सूचना लिहून घेण्यात आली. चौथीच्या मुलींची शर्यत शाळा उघडल्यावर पहिल्या कोरड्या शनिवारी पुन्हा घेण्याचेही मान्य झाले आहे.

नव्या पालकांनी प्रवेशाच्या दिवशीच कार्यालयात वार्तापत्राची वर्गणी भरावी, कारण पहिला अंक शाळा उघडताच निघतो आणि वर्षभराची दिनदर्शिका त्यातच असते. वर्षअखेरच्या अंकाच्या काही प्रती शिल्लक आहेत. त्यांपैकी एक मागून चौथीचे आणि मावशींचे पान अवश्य वाचावे. जूनच्या अंकाची मराठी पाने छपाईपूर्वी वाचून देण्याचे मी शाळेला कळवले आहे, आणि त्यांनी ती मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात पाठवण्याचे कबूल केले आहे.