नोकरी करणाऱ्या रुग्णाच्या नजरेतून एक डायलिसिस केंद्र

गेली दोन वर्षे मी आठवड्यातून तीनदा या केंद्रात डायलिसिस घेते आहे. स्वच्छता, यंत्रांची निगा आणि सुई लावणाऱ्या तंत्रज्ञांचा हात या बाबतींत केंद्र उत्तम आहे. नोकरी सांभाळून उपचार घेणाऱ्याला ते कितपत साथ देते, याविषयी मात्र सविस्तर लिहायला हवे, कारण केंद्र निवडताना हा प्रश्न मला सुचलाच नव्हता.

हिमोडायलिसिसचे, म्हणजे मूत्रपिंडाऐवजी यंत्राने रक्त शुद्ध करण्याचे, एक सत्र साधारण ४ तासांचे असते. पण वजन करणे, रक्तदाब पाहणे, दोन सुया लावणे आणि त्या काढल्यावर रक्त थांबेपर्यंत जागा दाबून धरून बसणे हे सगळे धरले, तर साडेपाच तास सहज जातात. आठवड्याला ३ म्हणजे वर्षाला १५६ सत्रे. प्रत्येक सत्रासाठी अर्धी रजा टाकायची म्हटले, तर ७८ दिवस होतात, आणि तेवढी रजा कोणाच्या खात्यावर शिल्लक असणार? मी सुरुवातीचे काही महिने सकाळच्या पाळीत होते आणि रजा संपत चालल्याची धास्ती उपचाराच्या त्रासापेक्षा जास्त होती. ही अडचण सांगितल्यावर केंद्राने तीन आठवड्यांत मला संध्याकाळची पाळी दिली. आता मला त्या तीन दिवशी फक्त दोन तास लवकर निघावे लागते.

खरी कसोटी प्रमाणपत्राची होती. ऑफिसच्या रजेच्या अर्जात 'कधीपासून' आणि 'कधीपर्यंत' अशा दोनच चौकटी आहेत, म्हणजे तो अर्ज बऱ्या होणाऱ्या आजारासाठीच केलेला आहे. केंद्राने दिलेल्या पहिल्या पत्रात 'रुग्णावर नियमित उपचार सुरू आहेत' एवढे एकच वाक्य होते आणि ते ऑफिसातून लगेच परत आले. दुसऱ्या वेळी मात्र केंद्राच्या समाजसेविका डायलिसिस चालू असताना माझ्या पलंगाशेजारी वही घेऊन बसल्या. “कामात उचलाउचल करावी लागते का? दुसऱ्या दिवशी सकाळी किती वाजता हजर व्हावे लागते? आजाराचे नाव पत्रात लिहिलेले तुम्हाला चालेल का?” असे त्यांनी एकेक करून विचारले. हा शेवटचा प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता.

डॉक्टरांच्या सहीने आलेल्या नव्या पत्रात ठरलेले वार आणि वेळ, उपचार पुढेही चालूच राहणार असल्याचा स्पष्ट उल्लेख, इतर वेळी मी काम करण्यास सक्षम असल्याचा निर्वाळा आणि फिस्च्युला (डायलिसिसच्या सुया लावण्यासाठी शस्त्रक्रियेने जोडलेल्या रक्तवाहिन्या) असलेल्या हाताने जड वस्तू उचलू नये ही सूचना, असे सगळे होते. सर्वांत उपयोगी पडले ते एक वाक्य: सत्र टाळल्यास शरीरात पाणी आणि पोटॅशियम साठते, म्हणून कामाच्या सोयीसाठी सत्र पुढे ढकलता येणार नाही. 'या आठवड्यात एक दिवस सोडला तर चालणार नाही का?' असे साहेब आपुलकीनेच विचारत असत. पत्र वाचल्यानंतर त्यांनी ते पुन्हा विचारले नाही. आठवड्यात एकदा दोन दिवसांचे अंतर पडतेच आणि तेच जास्त धोक्याचे असते, हे त्यांना तोपर्यंत ठाऊक नव्हते.

उणिवा आहेत आणि त्या लहान नाहीत. ऑफिसला दर महिन्याला हजेरीचा दाखला लागतो, पण सही करणारे डॉक्टर संध्याकाळच्या पाळीला नसतात. त्यामुळे केवळ एका कागदासाठी मला दोनदा वेगळी रजा काढावी लागली. नोकरी करता यावी म्हणून जी पाळी दिली, त्याच पाळीतल्या रुग्णांना दाखल्यासाठी दिवसा बोलावणे योग्य नाही. आधीच्या रुग्णाचा रक्तदाब उतरला की आमचे सत्र उशिरा सुरू होते आणि ते समजण्यासारखे आहे; पण पाळीच बदलणार असेल, तर आदल्या रात्री फोन करून भागत नाही, कारण ऑफिसला किमान दोन दिवस आधी कळवावे लागते. या दोन्ही गोष्टी मी केंद्राला लेखी दिल्या आहेत. दाखले आदल्या सत्रालाच मागून घेऊन पुढच्या सत्राला पलंगावर आणून देण्याची पद्धत या महिन्यापासून सुरू झाली असून माझा पहिला दाखला तसाच मिळाला; पाळीबदलाबाबत मात्र अजून उत्तर आलेले नाही.