पट्टी विचारून सुभद्रा ठरवणारे पेटीमास्तर

माघातल्या आमच्या जत्रेत यंदा 'संगीत सौभद्र' झाले. त्यासाठी सुभद्रा, रुक्मिणी आणि श्रीकृष्ण या तीन भूमिकांचे व्यावसायिक कलाकार ज्यांनी ठरवून दिले, त्यांच्या कामाविषयी हा अभिप्राय आहे. फोंडा तालुक्यातील आमच्यासारखी हौशी मंडळे दर वर्षी कलाकारांसाठी धावाधाव करतात आणि बहुतेक वेळा ऐकीव माहितीवरच विसार देऊन बसतात, म्हणून हा अनुभव थोडा तपशिलात सांगतो.

ज्यांना या प्रथेची ओळख नाही त्यांच्यासाठी एवढे सांगतो की गोव्यातील देवळांच्या उत्सवांत पालखी देवळात परतल्यावर संगीत नाटक उभे राहते. त्यातील बहुतेक पुरुषपात्रे वाड्यावरचीच माणसे करतात, आणि गाणाऱ्या स्त्रीभूमिकांसाठी, तसेच ऑर्गन व तबल्याच्या साथीसाठी, बाहेरून मानधन देऊन कलाकार बोलावले जातात. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1882 साली हे नाटक रंगमंचावर आणले तेव्हा सुभद्रा भाऊराव कोल्हटकर करीत होते. आमच्या गावातही वडिलांच्या पिढीपर्यंत मुलगेच शालू नेसून उभे राहत. आता तसे होत नाही आणि होऊही नये, पण त्यामुळे नाटकाचा अर्धा भार अशा कलाकारांवर येतो ज्यांना आमचा अर्जुन प्रयोगाच्या रात्रीच प्रथम भेटतो.

गेल्या वर्षी नेमके हेच आमच्या अंगाशी आले. एका कलाकार पुरवणाऱ्या मध्यस्थाने मोबाइलवर एक ध्वनिमुद्रण पाठवले, आवाज खरोखरच गोड होता, आम्ही भुललो आणि निम्मे मानधन आगाऊ दिले. बाई रात्री आठ वाजता पोहोचल्या आणि साडेदहाला पडदा वर जायचा होता. त्यांनी कोणतीही कसूर केली नाही, हे मी आवर्जून नोंदवतो, कारण नंतर गावात त्यांच्याबद्दल जे बोलले गेले ते अन्यायाचे होते. गायक पेटीवरचा जो सूर आपला आधाराचा 'सा' धरतो ती त्याची पट्टी, आणि ती पेटीच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या क्रमांकाने सांगतात. अडचण अशी झाली की आमचा अर्जुन काळी एकमध्ये गातो आणि त्या पांढरी पाचमध्ये गाणाऱ्या निघाल्या. म्हणजे अर्जुनाचा तीव्र मध्यम तोच सुभद्रेचा षड्ज, म्हणजे 'सा'. तबलजींनी अर्जुनाच्या पंचमाला, म्हणजे त्याच्या 'प'ला, काळी चारला, तबला लावून ठेवलेला. सुभद्रेचे पद आले की तो अर्धा सूर उतरवायचा आणि अर्जुनाचे आले की पुन्हा चढवायचा, असे भर रंगात सुरू झाले. यतिवेषातील अर्जुन आणि त्याची सेवा करणारी सुभद्रा यांच्या प्रवेशात, जिथे एका पदाचा भाव विरायच्या आत दुसरे पद यायला हवे, तिथे प्रेक्षक हातोडीचे ठोके ऐकत बसले. मंगेशीच्या मास्टर दीनानाथांचा आणि जितेंद्र अभिषेकींचा हा तालुका आहे. इथे पुढच्या रांगेतील म्हाताऱ्या माणसालाही काय बिघडले ते कळते. आदल्या दिवशी तासभर एकत्र बसायला मिळाले असते, तर दोघांपैकी एकाने अर्धा सूर वर किंवा खाली घेतला असता आणि काहीच अडले नसते.

यंदा ज्यांच्याकडे गेलो ते स्वतः ऑर्गन वाजवतात. बार्देशात त्यांना सगळे पेटीमास्तर म्हणूनच ओळखतात, आणि त्यांना जाहिरात नको असल्यामुळे मीही त्यांचा उल्लेख तसाच करतो. फोनवर मी आधी तारीख आणि मानधनाविषयी विचारले. त्यांनी उलट विचारले, "तुमचो अर्जुन खंयच्या पट्टीन गाता?" म्हणजे कोणत्या पट्टीत गातो. मला ते सांगता आले नाही. त्यांनी सांगितले की अर्जुनाला घेऊन या, मग बोलू. आम्ही चतुर्थीनंतरच्या एका रविवारी त्यांच्या घरी गेलो. त्यांनी अर्जुनाकडून तीन पदे म्हणून घेतली, तार सप्तकात तो कुठे ताणतो ते पाहिले, आणि एका जुन्या वहीत पट्टीसह नोंद केली. त्या वहीत कलाकाराच्या नावापुढे त्याची पट्टी, कोणत्या नाटकातल्या कोणत्या भूमिका पाठ आहेत आणि संहिता कोणत्या काटछाटीची आहे, अशा तीनच गोष्टी होत्या.

ही तिसरी नोंद मला सर्वांत मोलाची वाटली. 'सौभद्र' मुळात पाच अंकी, त्यात शंभरावर पदे. आज कोणीही ते संपूर्ण करत नाही. प्रत्येक मंडळीने आपल्या सोयीने कात्री लावलेली असते, आणि एका मंडळीत मुरलेल्या नटीला जे वाक्य ऐकून पद सुरू करायची सवय असते ते वाक्य आमच्या प्रतीत गाळलेले असू शकते. मग ती वाक्याची वाट पाहत उभी, अर्जुन पदाची वाट पाहत उभा, आणि विंगेतून प्रॉम्प्टरचा आवाज तेवढा ऐकू येतो. मास्तरांनी आमची प्रत मागून घेतली, तीन कलाकारांना तिच्या झेरॉक्स पाठवल्या, आणि कुठली पदे आमच्याकडे नाहीत त्यावर लाल खुणा करून दिल्या.

श्रीकृष्णाच्या बाबतीत त्यांनी जो सल्ला दिला त्यावरून आमच्या बैठकीत बराच वाद झाला. आमचा नेहमीचा श्रीकृष्ण नोकरीसाठी आखातात गेला आहे, आणि नारदाचे काम करणारा मुलगा ती भूमिका मागत होता. मास्तरांचे मत पडले की नारद हलवू नका, 'राधाधर मधुमिलिंद' त्याच्या गळ्यावर चढलेले आहे. श्रीकृष्ण बाहेरचा घ्या, आणि घ्यायचाच तर रुक्मिणीसह जोडीने घ्या. 'प्रिये पहा' हे पद श्रीकृष्णाच्या गळ्यावर चालते खरे, पण ते खुलते रुक्मिणीच्या ऐकण्यावर, आणि हे ऐकणे एका रात्रीत जमवून आणता येत नाही. त्यांनी सुचवलेले श्रीकृष्ण आणि रुक्मिणी अनेक वर्षे एकत्र काम केलेले होते. मला स्वतःला गावचा मुलगा डावलला जातो याचे वाईट वाटत होते, पण प्रयोग पाहिल्यावर तो सल्ला बरोबर होता हे मान्य करावे लागते.

तालमी दोन ठरल्या होत्या, त्यापैकी पहिली देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे देवळालगतच्या उतरायच्या खोल्यांत, झाली. सुभद्रेचे काम करणाऱ्या बाई दुपारच्या बसने आल्या, चहा घेतला आणि चटईवर आपली पदांची हस्तलिखित वही उघडून बसल्या. वहीची पाने कडेने तेलकट झाली होती आणि प्रत्येक पदाच्या माथ्यावर पेन्सिलीने ताल लिहिलेला होता. त्यांनी प्रथम अर्जुनाला गायला लावले आणि स्वतः डोळे मिटून ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "दादा, शेवटची तान तुम्ही जिथं सोडता, तिथूनच मी बोलायला सुरुवात करते, मधे पेटी नको." त्यांची पट्टी काळी चार, म्हणजे अर्जुनाचा पंचम; एकच तबला दोघांनाही चालला. आमची कुसुमावती, म्हणजे सुभद्रेची दासी, अकरावीतली मुलगी आहे, तिला त्यांनी पदर कसा सावरायचा आणि दासीने मालकिणीच्या किती मागे उभे राहायचे, हे न विचारता शिकवले. अर्धा दिवस ठरला होता, त्या रात्री नऊपर्यंत थांबल्या.

प्रयोगाच्या रात्री पालखी परतायला उशीर झाला आणि 'पंचतुंड नररुंडमालधर'ची नांदी सव्वाअकराला सुरू झाली, तरी 'वद जाऊ कुणाला शरण' आले तेव्हा मंडपात बसलेल्यांपैकी कोणी हललेले मला दिसले नाही. दोन वेळा वन्स मोअर आला. सुभद्रेच्या बाईंनी एकदाच घेतला, आणि दुसऱ्यांदा अर्जुनाकडे पाहून नाटक पुढे नेले. ती मर्यादा मला गाण्याइतकीच आवडली.

उणिवाही सांगायला हव्यात. दुसरी, रंगीत तालीम श्रीकृष्ण आणि रुक्मिणी यांच्याविना झाली, कारण त्यांचा आदल्या रात्रीचा प्रयोग सिंधुदुर्गात होता आणि मास्तरांनी हे आम्हाला फक्त दोन दिवस आधी कळवले. कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत कलाकारांच्या तारखा एकमेकींवर चढतात हे आम्ही समजतो, पण ठरलेल्या तालमीचे मानधन आम्ही धरले होते आणि ते परत मिळावे म्हणून आम्हाला आठवण करून द्यावी लागली. ते मिळाले, पण मागावे लागले. स्त्री कलाकारांसाठी स्वतंत्र, कडीचा रंगपट, आरसा आणि जवळ स्वच्छतागृह असावे, ही अट मास्तरांनी विसार घेतानाच लेखी घालायला हवी. आम्ही अग्रशाळेतील एक खोली रिकामी करून दिली, तरी ती मंडपापासून लांब होती आणि बाईंना शालू सावरत अंधारातून ये-जा करावी लागली. हा दोष मुख्यतः आमचा. पण हे काम वर्षानुवर्षे करणाऱ्याने मंडळाला आधी बजावणे अपेक्षित आहे.

खर्चाविषयी एवढेच सांगतो की तिघांचे मानधन, प्रवास आणि मास्तरांची स्वतःची साथ मिळून नाटकाच्या एकूण खर्चाच्या निम्म्याहून थोडे अधिक झाले. मध्यस्थी म्हणून त्यांनी वेगळे काही घेतले नाही, फक्त ऑर्गनची साथ त्यांचीच असावी ही अट घातली. ज्या मंडळाचा आपला पेटीवाला ठरलेला आहे त्यांना ही अट अडचणीची वाटेल, आणि त्यांनी कला अकादमीच्या संगीत नाट्य स्पर्धा स्वतः बसून पाहाव्यात, तिथे पट्टी, पाठांतर आणि सहकलाकाराला सांभाळून घेण्याची वृत्ती हे तिन्ही एका प्रयोगात दिसते. आमच्यापुरते बोलायचे तर पुढील वर्षाच्या माघासाठी मास्तरांना आम्ही होकार कळवला आहे. त्यांनी नाटक विचारलेले नाही. नारदाचे काम करणाऱ्या मुलाला श्रीकृष्णाची चार पदे बसवून श्रावणात घेऊन या, असा निरोप मात्र आला आहे.