ओफॅकची निर्बंधयादी शोधसेवा : हळद निर्यात करणाऱ्याच्या टेबलावरून

सांगलीची हळद आखाती देशांत आणि इराणला पाठवणाऱ्या एका लहान पेढीची कागदपत्रे मी बारा वर्षे सांभाळतो आहे. नवा खरेदीदार ठरला की माल गोणीत भरण्यापूर्वी मी अमेरिकी अर्थखात्याच्या परकीय मालमत्ता नियंत्रण कार्यालयाची, म्हणजे ओफॅकची, ‘सँक्शन्स लिस्ट सर्च’ ही सेवा उघडतो; अमेरिकेने ज्यांच्यावर निर्बंध लादले आहेत त्यांच्या यादीत नाव आहे का, हे तिच्यात शोधता येते. भारत केवळ संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध मानतो, एखाद्या देशाने एकतर्फी लादलेले मानत नाही, असे तत्कालीन परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी मे २०१८ मध्ये स्पष्ट केले होते. तरीही अमेरिकेची यादी आम्हाला सांगलीत बसून पाहावी लागते, कारण डॉलरमधले पैसे बहुधा न्यूयॉर्कमधील बँकांमार्फत फिरतात आणि तिथे नाव अडले की रक्कम अडते.

सेवा मोफत आहे आणि तिच्यासाठी खाते उघडावे लागत नाही. नाव, पत्ता, शहर, देश, ओळखक्रमांक असे रकाने आहेत; शोध व्यक्तीचा, संस्थेचा, जहाजाचा की विमानाचा तेही निवडता येते. सर्वांत महत्त्वाची आहे ती नावाच्या साम्याची गुणपट्टी. ती १०० वर ठेवली तर तंतोतंत जुळणारे नावच दिसते. खाली आणली की उच्चाराने आणि अक्षरांनी जवळची नावेही येऊ लागतात. अरबी किंवा फारसी नाव रोमन लिपीत चार जण चार प्रकारे लिहितात, त्यामुळे १०० वर समाधान मानणे धोक्याचे आहे. मी ८५ वर पाहतो आणि शंका आली तर ८० वर. किती गुण पुरेसे मानावेत याची शिफारस ओफॅक करत नाही. तो निर्णय आणि त्याची जबाबदारी वापरणाऱ्याची. ही लवचीकता फक्त नावाच्या रकान्याला आहे, पत्त्याला नाही, हे नवख्याने आधी लक्षात घ्यावे.

नोंदीवर टिचकी मारली की टोपणनावे, जन्मतारीख, जन्मस्थळ, पारपत्र क्रमांक असा उपलब्ध तपशील उघडतो, आणि या तपशिलाचे मोल मला एकदा फार जवळून कळले. दुबईतील आमच्या एका जुन्या ग्राहकाचे नाव यादीतील एका इराणी व्यक्तीच्या नावाशी बरेचसे जुळत होते. आमच्या बँकेने आलेली रक्कम एकोणीस दिवस रोखून धरली. दोघांच्या जन्मतारखांत अठरा वर्षांचे अंतर होते, ते त्या नोंदीवर उघड दिसत होते, आणि ते छापून नेऊन दाखवल्यावरही आणखी आठवडा गेला. त्या काळात शेतकऱ्यांचे पैसे आम्ही उसनवारी करून दिले. यात दोष शोधसेवेचा नव्हता, तिने माणूस वेगळा आहे हे नीट सांगितले होते. पण सावधपणा म्हणून थांबवलेल्या पैशाबद्दल जाब विचारणारे कोणी नसते, आणि चुकून सोडलेल्या पैशाबद्दल मात्र असते. २०१४ मध्ये फ्रान्सच्या बीएनपी पारिबास बँकेला सुदान, इराण आणि क्यूबाशी केलेल्या व्यवहारांसाठी जवळजवळ ९ अब्ज डॉलर भरावे लागले. ती रक्कम ज्यांना आठवते ते हळदीच्या कंटेनरसाठी धोका पत्करत नाहीत.

जहाजांच्या बाबतीत सेवा मला विशेष भरवशाची वाटते. जहाजाचे नाव आणि ध्वज बदलता येतो, आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या पद्धतीचा आयएमओ क्रमांक मात्र त्या जहाजाबरोबर कायम राहतो, आणि तो ओळखक्रमांकाच्या रकान्यात घालून शोधता येतो.

उणीव मोठी आहे ती मालकीची. यादीतील व्यक्तींचा एकत्रित हिस्सा ५० टक्के किंवा त्याहून अधिक असेल तर ती कंपनीही निर्बंधित ठरते, तिचे नाव यादीत असो वा नसो. म्हणजे शोधाचे उत्तर कोरे आले तरी काम संपत नाही. भागधारकांची माहिती आम्ही ग्राहकाकडूनच मागवतो आणि ती पडताळण्याचे साधन आमच्यासारख्या पेढीकडे जवळजवळ नसते.

आता ज्या धोरणासाठी ही सेवा आहे त्याविषयी. अन्न आणि औषधे अमेरिकी निर्बंधांतून सामान्यतः वगळलेली आहेत, आणि तरीही इराणशी अन्नाचा व्यापार करणाऱ्याला बँक मिळणे कठीण जाते. २०१२ पासून इराणी तेलाच्या किमतीचा काही भाग रुपयांत यूको बँकेत जमा होऊ लागला आणि त्यातून तांदूळ, सोयापेंड, औषधे यांच्या निर्यातदारांना पैसे मिळू लागले. आमच्यासारख्यांसाठी ती उत्तम सोय होती. मे २०१९ मध्ये इराणी तेल घेण्यासाठी अमेरिकेने दिलेली सवलत संपली, भारताने इराणी तेल घेणे थांबवले आणि रुपयांचा तो साठा आटत गेला. हळदीवर कोणीही बंदी घातली नव्हती. तिचे पैसे येण्याची वाट बंद झाली. निर्बंधांची खरी ताकद या वाटांवर असते, असे माझे ठाम मत आहे.

पण ती ताकद धोरण बदलते का? २०११ ते २०१३ या काळात इराणची तेलनिर्यात जवळपास निम्म्यावर आली, मार्च २०१२ मध्ये त्याच्या अनेक बँका स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशजाळ्यातून तोडल्या गेल्या, आणि २०१५ मध्ये अणुकरार झाला : इराणने अणुकार्यक्रमावर मर्यादा घालायच्या, बदल्यात निर्बंध सैल व्हायचे. त्या वेळी युरोप अमेरिकेच्या सोबत होता आणि करार पाळल्यास नावे वगळली जातील हे वचन समोर होते. जानेवारी २०१६ मध्ये ती खरोखर वगळली गेली. २०१८ मध्ये अमेरिका करारातून बाहेर पडली, नोव्हेंबरमध्ये ७०० हून अधिक नावे यादीत आली, पैशांची कोंडी पुन्हा झाली. आणि करारानुसार ३.६७ टक्क्यांपर्यंत मर्यादित असलेले युरेनियमचे समृद्धीकरण इराणने एप्रिल २०२१ मध्ये ६० टक्क्यांवर नेले. साधन तेच, पण या वेळी मागण्या मान्य केल्यास सुटका होईल यावर तेहरानने विश्वास का ठेवावा, याचे उत्तर नव्हते. यादीत नाव घालण्याइतकेच ते काढण्याला महत्त्व आहे, आणि नेमके हेच या शोधसेवेत दिसत नाही. ती आज कोण आत आहे एवढेच सांगते. बाहेर पडलेल्यांचा इतिहास वेगळ्या सूचनांमध्ये शोधावा लागतो.

एक साधन म्हणून मी तिला पाचपैकी चार गुण देतो. लहान निर्यातदाराने महागड्या खासगी सेवेची वर्गणी भरण्याआधी ही वापरावी, आणि तिच्याबरोबर संयुक्त राष्ट्रांची यादी पाहावी, कारण ती आपल्या कायद्यानेही बंधनकारक आहे. प्रत्येक शोधाचा निकाल तारीख आणि गुणपट्टीच्या आकड्यासह छापून त्या सौद्याच्या फायलीत लावावा. आमची अडकलेली रक्कम अखेर सुटली ती अशाच एका कागदावर.