चित्रालचा वेढा, १८९५: अभ्यासाला केलीची तुकडी घ्यावी की लोचं सैन्य?

हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवरच्या (आता पाकिस्तानातल्या) चित्राल संस्थानच्या किल्ल्यात अडकलेल्या ब्रिटिशांच्या शिबंदीला सोडवायला १८९५ च्या वसंतात दोन फौजा निघाल्या. एक पूर्वेकडून, गिलगिटहून: कर्नल जेम्स केली आणि त्याच्याबरोबर जेमतेम सहाशे माणसं. दुसरी दक्षिणेकडून, नौशेरा-मर्दानहून: मेजर जनरल सर रॉबर्ट लो आणि सुमारे पंधरा हजारांचं सैन्य. प्रबंध, व्याख्यान किंवा अभ्यासमंडळातला नकाशावरचा सराव यासाठी दोहोंपैकी एकच मोहीम घ्यायची असेल, तर बहुतेक जण केलीकडे वळतात. बर्फातून खांद्यावर तोफा नेणारी छोटी तुकडी कोणालाही भुरळ घालते. पण निवड करताना आपल्याला कोणता प्रश्न सोडवायचा आहे, हे आधी ठरवावं.

दोन्ही मोहिमांना वेळेची मर्यादा घातली होती ती किल्ल्यानं, म्हणून सुरुवात तिथून. १ जानेवारी १८९५ रोजी चित्रालचा मेहतर (तिथल्या राजाची पदवी) निझाम-उल-मुल्क याचा त्याच्याच सावत्र भावानं, अमीर-उल-मुल्कनं खून करवला. संधी साधून शेजारच्या जंदोलचा सत्ताधीश उमरा खान दक्षिणेकडून आत शिरला, आणि गादीवर हक्क सांगणारा चुलता शेर अफझल अफगाण हद्दीतून येऊन त्याला मिळाला. गिलगिटचा ब्रिटिश एजंट सर्जन-मेजर जॉर्ज रॉबर्टसन तेव्हा चित्रालमध्येच होता. ३ मार्चच्या चकमकीत मार खाऊन त्याची माणसं किल्ल्यात परतली आणि वेढा पडला. लढणाऱ्यांत १४ व्या शीख पलटणीचे ९९ जण आणि काश्मीर संस्थानच्या फौजेचे सुमारे ३०० जण होते. नोकरचाकर आणि आश्रयाला आलेले धरून एकूण ५४३ माणसं आत होती. शिबंदीचं नेतृत्व कॅप्टन चार्ल्स टाउनशेंडकडे होतं.

किल्ला नदीकाठच्या सखल जागी. सुमारे ८० यार्डांचा चौरस. दगड, माती आणि लाकडाच्या ओंडक्यांचा तट अंदाजे २५ फूट उंच. चार कोपऱ्यांना चार बुरुज, आणि नदीकडची पाण्याची वाट राखायला पाचवा. भोवतीच्या उंचवट्यांवरून बंदुकीचा मारा थेट आत पोचत असे. बांधकामात लाकूड भरपूर असल्यानं खरा धोका आगीचा होता: ७ एप्रिलला एका बुरुजाला आग लावण्यात आली आणि ती विझवायला तासन् तास गेले. पाठोपाठ सुरुंगाचा धोका आला. शत्रूनं तटाजवळच्या एका बागघरातून भुयार खणायला घेतलं, आणि खणण्याचा आवाज लपावा म्हणून रात्री ढोल वाजवत ठेवले. १७ एप्रिलला लेफ्टनंट हार्लीनं शंभर शिपायांसह बाहेर धडक मारून ते भुयार उडवलं. सुटका करणारं सैन्य “कधी पोचलं तर उपयोग” या प्रश्नाचं उत्तर या दोन तारखांत आहे.

आता दोन्ही मोहिमा शेजारी शेजारी:

| | केली | लो |
|---|---|---|
| निघण्याची जागा | गिलगिट, २३ मार्च | नौशेरा-मर्दान, १ एप्रिल |
| माणसं | सुमारे ६०० | सुमारे १५,००० |
| तोफा | ७ पौंडी डोंगरी तोफा, २ | डोंगरी तोफखान्याच्या अनेक तुकड्या |
| अंतर | सुमारे ३५० किमी | सुमारे २९० किमी |
| मुख्य अडसर | शांदूर खिंड, १२,००० फुटांहून उंच, बर्फ | मलाकंद खिंड, स्वात आणि पंजकोरा नद्या, मग लोवारी खिंड |
| चित्रालला पोच | २० एप्रिल | आघाडी मेच्या मध्याला |

तक्ता पाहिला की केली जिंकला असं वाटतं. पण दोघांची कामं वेगळी होती, आणि ते ध्यानात न घेता केलेली तुलना फसते.

केलीची पलटण, ३२ वी पंजाब पायोनियर, गिलगिट भागात रस्त्यांच्या कामावर होती. पायोनियर शिपाई बंदुकीबरोबर कुदळ-फावडंही बाळगतो, आणि या मोहिमेत कुदळीचा उपयोग बंदुकीइतकाच झाला. बरोबर सुमारे ४०० पायोनियर, काश्मीरच्या डोंगरी तोफखान्याच्या दोन तोफा, काश्मीरचे सॅपर (रस्ते-पूल बांधणारे शिपाई) आणि हुंझा, नगर, पुन्याल इथले शंभरेक वाटाडे-लढवय्ये. यातल्या हुंझा-नगरच्या लोकांशी ब्रिटिश १८९१ मध्ये लढले होते. चारच वर्षांत ते त्यांच्या बाजूनं डोंगर चढत होते, आणि उंचीवरून शत्रूला बगल देण्याचं काम त्यांच्याइतकं कोणालाच जमलं नाही. तंबू घेतले नव्हते.

खरी परीक्षा शांदूरला झाली. वाटेतल्या गावांतून गोळा केलेले हमाल रात्रीतून पळाले. १ एप्रिलचा पहिला प्रयत्न फसला: तोफा वाहणारी खेचरं बर्फात रुतली, पुढे जाईनात. मोकळ्या बर्फावर माणूस आणि खेचर यांत फरक असतो तो खुराच्या क्षेत्रफळाचा. भरलेल्या खेचराचा भार चार लहान खुरांवर येतो, आणि उन्हं चढून वरचा थर मऊ झाला की ते थेट आत जातं. मग कॅप्टन बोराडेल पायोनियरांचा मोठा भाग घेऊन पुढे गेला आणि ३ ते ५ एप्रिलच्या दरम्यान तुकडी खिंड ओलांडून लासपूरला उतरली. तोफा सुट्या करून नेल्या. आधी ओढगाड्या करून पाहिल्या, त्या चालेनात तेव्हा नळी, गाडा, चाकं आणि दारूगोळा दांड्यांना बांधून शिपायांनी खांद्यावर घेतला आणि थोड्या थोड्या अंतरावर पाळी बदलत पुढे नेला. बर्फावरून परतणाऱ्या उन्हानं कित्येकांना काही दिवस दिसेनासं झालं, कित्येकांच्या पायांना हिमदंश झाला. नकाशावर काम करणाऱ्यांनी या जागी थांबून हिशेब मांडावा: तोफा मागे ठेवल्या असत्या तर दोन दिवस वाचले असते, पण पुढे निसा गोलला दगडी मोर्चे फोडायला हाती काही उरलं नसतं.

९ एप्रिलला चकलवटची लढाई जिंकून त्याच दिवशी वाटेवरच्या मस्तुज ठाण्यात अडकलेली शिबंदी सोडवली. १३ एप्रिलला निसा गोल: काठ सरळ तुटलेला, दोनशे फुटांहून खोल नाला, आणि पलीकडे रांगेनं मोर्चे. तोफांनी मोर्चे भाजून काढले, हुंझाचे लोक वरून वळसा घालून गेले आणि सॅपर शिड्या-दोर लावून नाल्यात उतरले. यानंतर केलीनं जे टाळलं ते मला सर्वांत शहाणपणाचं वाटतं. मुख्य वाट कोराघच्या चिंचोळ्या घळीतून जाते. मार्चमध्ये तिथेच कॅप्टन रॉसची शीख तुकडी वरून लोटलेल्या दगडांखाली आणि गोळ्यांखाली जवळजवळ संपली होती. केलीनं द्रासनकडची उंच, लांबची वाट धरली. २८ दिवसांत ३५० किमी म्हणजे दिवसाला सरासरी साडेबारा किमी, तीही दोन लढाया आणि एका बर्फाळ खिंडीसह.

लोची मोहीम वाचायला जड जाते, आणि तिचं मोलही त्या जडपणातच आहे. तीन ब्रिगेड: किनलॉक, वॉटरफील्ड आणि गॅटेकर यांच्या. शाहकोट आणि मोरा खिंडींकडे हूल देऊन ३ एप्रिलला खरा हल्ला मलाकंदवर झाला. गाइड्स (सरहद्दीवरची हिंदी पलटण) आणि ४ थी शीख पलटण डाव्या अंगाच्या उंच कड्यावर चढत होती, तिला ठरल्यापेक्षा जास्त वेळ लागला, म्हणून समोरून गॉर्डन हायलँडर्स आणि स्कॉटिश बॉर्डरर्स यांना सोडावं लागलं. सुमारे पाच तासांत खिंड हाती आली. मग गोची झाली ती जनावरांची: वाट इतकी अरुंद की सामान वरच चढेना. जवळच बौद्ध काळातला जुना रस्ता सापडला, तो दुरुस्त केला तेव्हा कुठे उंट वर आले. मलाकंद म्हटलं की धारेवरची संगीनच सगळ्यांच्या डोळ्यांपुढे येते. मोहीम पुढे सरकली ती त्या जुन्या रस्त्यानं.

७ एप्रिलला स्वात नदी ओलांडली. १३ एप्रिलला पंजकोरावर मोहीम थोडक्यात वाचली. सॅपरांनी ओंडक्यांचा पूल बांधला होता, त्यावरून गाइड्सची पायदळ पलटण पलीकडे गेली. रात्री पूर आला, वाहून आलेल्या लाकडांनी पूल मोडला आणि पलटण एकटी पडली. माघार घेताना लेफ्टनंट कर्नल फ्रेडरिक बॅटी मारला गेला. अलीकडच्या काठावरच्या तोफांनी रात्रभर साथ दिली म्हणून पलटण टिकली. चूक कुठे झाली ते सरळ दिसतं: बर्फ वितळायच्या दिवसांत नदीचं पाणी एका रात्रीत किती चढेल याचा अंदाज चुकला, आणि पूल पक्का होण्याआधी अख्खी पलटण पलीकडे नेली. पुढे मेजर फेंटन एल्मरनं तारायंत्राच्या तारा वापरून झुलता पूल बांधला. १७ एप्रिलला उमरा खानाची माणसं मुंडाजवळ मागे हटली आणि तो अफगाणिस्तानात पळाला. गॅटेकर हलकी तुकडी घेऊन लोवारी ओलांडायला निघाला, तोवर चित्रालचा वेढा उठला होता.

आता दोन्हींच्या तारखा एका कागदावर मांडा. १३ एप्रिल: निसा गोल आणि बॅटीचा मृत्यू. १७ एप्रिल: हार्लीची धडक आणि उमरा खानाचा पळ. १८ च्या रात्री वेढा घालणारे निघून गेले, २० ला केली पोचला तेव्हा किल्ल्यावर गोळी झाडणारं कोणी नव्हतं. शेर अफझलच्या पाठीशी जंदोलचं बळ होतं, आणि ते बळ लोनं दक्षिणेत अडकवून मोडलं. केली आला नसता तर शेर अफझल कदाचित आणखी तग धरता. लो नसता तर केलीच्या सहाशे माणसांपुढे उमरा खानाची सगळी फौज उभी राहिली असती. म्हणून केली निवडला तरी हा दुसरा रकाना सोडू नये. केलीवरच्या बहुतेक सादरीकरणांत नेमकं हेच राहून जातं.

रसदीचं गणित दोन्हींसाठी एकदा करून पाहाच. माणशी रोज ढोबळ १ किलो शिधा धरा, खेचराला सुमारे ७५ किलो ओझं आणि उंटाला १८५ किलो. केलीला दिवसाला ८ खेचरं पुरतात, पण २८ दिवसांचा शिधा बरोबर घ्यायचा तर २२४ खेचरं लागतील, आणि शांदूरला खेचरं चालतच नाहीत. म्हणजे त्याची मोहीम वाटेतल्या गावांच्या धान्यावर उभी होती. लोला दिवसाला १५ टन लागतात: ८० उंट किंवा २०० खेचरं, रोज. हा फक्त माणसांचा हिशेब झाला. खेचर स्वतःही दिवसाला दोनेक किलो दाणा खातं, आणि डोंगरात एप्रिलला गवत तुरळक. जितकी फौज मोठी तितकी ती एका रस्त्याला जखडलेली, हे या आकड्यांतून जितकं पटतं तितकं लढायांच्या वर्णनांतून पटत नाही.

मग निवड कशी करावी? एका संध्याकाळचं व्याख्यान किंवा चार-पाच जणांचा नकाशा-सराव असेल तर केली घ्या. प्रत्येक निर्णय लहान आहे, कोणत्या जागी काय माहीत होतं ते सांगता येतं, आणि ऐकणारे स्वतः पर्याय सुचवू शकतात: तोफा न्याव्या का, घळीतून जावं का, मस्तुजला किती दिवस थांबावं. त्रुटी एकच, केलीचा मार्ग दुसऱ्याला उचलता येत नाही. तो जागेवर होता, पायोनियर हाताशी होते, स्थानिक लोक बरोबर होते. यातलं एक काढलं तर बाकीचं कोसळतं.

सहा महिन्यांचा प्रबंध असेल तर लो घ्या, माझं मत ठाम आहे. त्यात पूल, रस्ता, जनावरं आणि राजकारण सगळं आहे. मोहिमेआधी मार्च १८९५ मध्ये वाटेतल्या टोळ्यांना जाहीरनामा काढून सांगितलं होतं की मुलूख कायम ताब्यात घ्यायचा हेतू नाही. जूनमध्ये लंडनमधल्या रोझबेरीच्या सरकारनं चित्राल सोडायचं ठरवलं, ऑगस्टमध्ये सॉल्सबरीच्या नव्या सरकारनं तो निर्णय फिरवला. चित्राल, रस्ता आणि मलाकंद-चकदऱ्याची ठाणी ठेवली. जुलै १८९७ मध्ये याच ठाण्यांवर पठाण टोळ्यांनी मोठा हल्ला चढवला. ब्रिटिश पलटणींकडच्या नव्या ली-मेटफर्ड बंदुकीच्या गोळीनं माणूस लगेच पडत नाही, ही तक्रारही याच मोहिमेतून निघाली आणि दमदमच्या कारखान्यातल्या, अंगात शिरल्यावर पसरणाऱ्या गोळीपर्यंत पोचली. हा सगळा धागा केलीच्या वाटेवर सापडत नाही.

मराठी वाचकाला तिसरी वाटही मोकळी आहे: किल्ल्याच्या आतली बाजू. चित्राल राखणारा टाउनशेंड डिसेंबर १९१५ मध्ये मेसोपोटेमियात कूत-अल-अमारा इथे पुन्हा वेढ्यात सापडला, या वेळी ६ व्या पुणे डिव्हिजनचा सेनापती म्हणून. त्या डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. त्यांना सोडवायला आलेल्या फौजेचं नेतृत्व आधी होतं पंजकोराचा पूल बांधणाऱ्या एल्मरकडे. ती सुटका झाली नाही. १४७ दिवसांनी, २९ एप्रिल १९१६ रोजी कूत पडलं. चित्रालमध्ये ४६ दिवस तग धरल्यावर कुमक पोचली, हा अनुभव टाउनशेंडच्या मनात कूतला किती होता, हा प्रबंधाचा स्वतंत्र विषय होऊ शकतो. आपल्या भागातल्या घरांतून त्या पलटणींत गेलेल्यांची नावं आणि कागद अजून मिळण्यासारखे आहेत, तेव्हा हा विषय घेणाऱ्यानं सुरुवात पलटणींच्या नोंदींपासून करावी आणि चित्रालचा भाग पार्श्वभूमी म्हणून पहिल्या प्रकरणात बसवावा.