माळावरच्या वाऱ्यासाठी झाडं : उरुळी कांचनच्या नर्सऱ्यांतून काय घ्यावं, काय तिथंच ठेवावं

पुण्याहून सोलापूरकडे निघालं की लोणी काळभोरनंतर रस्त्याच्या दोन्ही अंगांना नर्सऱ्या लागतात, आणि उरुळी कांचन मागं पडलं तरी त्या संपत नाहीत. आमच्या अंगणातली बहुतेक विदेशी झाडं मी तिथूनच आणली. आणल्यावर लगेच काही लिहिलं नाही. एक पूर्ण उन्हाळा आणि त्यानंतरचा जून-जुलैचा वारा झाडांनी काढला, तेव्हा आता लिहितेय.

आमचं घर सांगली जिल्ह्यात, कवठेमहांकाळ तालुक्यात, ढालगावच्या बाजूला. या माळावर पवनचक्क्या उभ्या केल्यात, यावरूनच वाऱ्याचा अंदाज यावा. पाऊस सह्याद्रीतच पडून जातो. आमच्या डोक्यावरून ढग नुसते पळतात आणि वारा तेवढा पोचतो. अंगण पश्चिमेला, दुपारपासून दिवस मावळेपर्यंत उघडं ऊन. जमिनीत वीतभर माती, खाली मुरूम.

असल्या जागेसाठी झाड घेताना फुलाकडं शेवटी बघावं, आधी पान बघावं. पानाच्या अंगालगत ओलसर हवेचा पातळ थर असतो. वारा तो सारखा उडवून नेतो, मग मुळं ओढतील त्याहून जास्त पाणी पानातून जातं. पानांच्या कडा करपतात त्या यामुळं, आणि कुंडीत ओल असली तरी करपतात. म्हणून रुंद, पातळ, मऊ पानांचं झाड कितीही देखणं असलं तरी आमच्याकडं टिकत नाही. पान जाड, मेणचट, बारीक किंवा कातडीसारखं चिवट हवं.

नर्सरीत शिरण्याआधी आणखी एक बघण्यासारखं आहे, ते म्हणजे हायवेचा दुभाजक. आम्ही पंढरपूर, टेंभुर्णीकडून सोलापूर हायवेला लागतो. तिथं दुभाजकात बोगनवेल आणि कण्हेर वर्षानुवर्षं उभी आहेत. डांबराची धग, ट्रकचा झोत, टँकर येईल तेव्हा पाणी. याहून कडक परीक्षा कुठली नर्सरी घेणार? कण्हेर मात्र मी घेतली नाही. तिचा सगळा भाग विषारी, आणि आमच्या कुंपणाला शेळ्या तोंड लावतात.

बोगनवेल घेतली, आणि अंगणातलं सगळ्यात खात्रीचं झाड तेच ठरलंय. मूळची ब्राझीलची. आपण रंगीत फूल म्हणतो ती खरं तर पानंच, फूल म्हणजे मधली बारीक पांढरी नळी. वाऱ्यात ती रंगीत पानं उडून जातात, त्यामुळं पावसाळ्यात आमची वेल नुसती हिरवी असते. फेब्रुवारीपासून मात्र पाणी कमी केलं की इतकी फुलते की रस्त्यावरची माणसं थांबून बघतात. जास्त पाणी आणि जास्त खत दिलं तर फांद्याच वाढतात.

अडेनियमबद्दल मला मनापासून लिहायचंय. अरबस्तान आणि पूर्व आफ्रिकेतल्या कोरड्या भागातलं हे झाड. बुंधा फुगीर असतो, त्यात पाणी साठतं, उंची बेताची, त्यामुळं वाऱ्याला धरायला काही सापडतच नाही. माझी दोन्ही झाडं भर मे महिन्यात गुलाबी फुलांनी भरली होती. त्याला मारतं ते साचलेलं पाणी. मी जमिनीवर मुरूम आणि जाड वाळूचा उंचवटा करून त्यावर लावली, सप्टेंबरच्या पावसातही बुंधा कडक राहिला. घेताना बुंधा बोटांनी दाबून बघा. मऊ लागला तर आत सडायला लागलंय, फुलं कितीही असोत, घेऊ नका. चीकही विषारी आहे, छाटल्यावर हात धुवावेत.

मादागास्करचं युफोर्बिया मिली कुंपणाच्या कडेनं लावलंय. अंगभर काटे, बारमाही फुलं, शेळ्या फिरकत नाहीत. थायलंडकडच्या मोठ्या फुलांच्या संकरित जातीही त्या नर्सऱ्यांत मिळतात, पण मी जुनी, लहान फुलांची घेतली. मोठ्या फुलांच्या जातींची पानंही मोठी असतात. नर्सरीवाले ज्याला सरसकट ‘जेड’ म्हणतात ते बारीक गोल पानांचं पोर्चुलाकारिया दक्षिण आफ्रिकेचं, तिकडं हत्ती ते आवडीनं खातात. शेळ्यांनाही आवडतं, हे आमच्या दारात सिद्ध झालंय, तेव्हा ते भिंतीच्या आत. घायपाताचा निळसर प्रकार कोपऱ्यात आहे. पानांची टोकं सुईसारखी, लहान मुलांच्या वाटेवर लावू नये.

आणि शंकासुर. हा आपल्याकडं इतका रुळलाय की कुणाला परका वाटत नाही, पण तोही मूळचा अमेरिका खंडातल्या उष्ण भागातला. पानं बारीक बारीक पाकळ्यांची, वारा त्यातून निघून जातो. फांद्या वाकतात आणि परत उभ्या राहतात. नर्सरीत तो मागं कुठंतरी पडलेला असतो, मागून घ्यावा लागतो.

आता नर्सऱ्यांबद्दल. निवड प्रचंड आहे, भावही आमच्या भागापेक्षा कमी. पण पुढं, रस्त्यालगत मांडलेली उंच झाडं बहुतेक शेडनेटखाली वाढलेली असतात. पुष्कळशी तर आंध्रातल्या कडियमहून, गोदावरीकाठच्या दमट हवेतून ट्रकनं आलेली. ती थेट आमच्या माळावर उभी केली तर महिन्याभरात पानं गाळतात. एका ठिकाणी मला दारासाठी अरेका पाम सुचवला, ‘काकू, ऊन चालतं याला.’ त्याची पानं उन्हात आणि कोरड्या वाऱ्यात पिवळी पडून टोकं करपतात. रॅव्हेनाला, म्हणजे केळीसारख्या पानांचा पंखा धरणारं झाड, तेही असंच: पंखा छान दिसतो, वाऱ्यात त्याच्या चिंध्या होतात.

दुसऱ्या एका नर्सरीतल्या म्हाताऱ्या माळीकाकांनी मात्र मला मागच्या उघड्या वाफ्यांकडं नेलं आणि म्हणाले, ‘ताई, ही दिसायला बारकी, पण उन्हात वाढलीत.’ कमरेइतकीसुद्धा नव्हती, पेरं जवळजवळ, पानं लहान, खोड दणकट. त्यातलं एकही झाड गेलं नाही. पिशवी कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाची, असेल तर वरचं थोडं झाडून मुळं मोकळी करून लावा, नाहीतर मुळं त्या भुसभुशीत गोळ्यातच फिरत राहतात, मुरमात शिरत नाहीत, आणि वारा झाड मुळासकट हलवतो.

तक्रार एकच, पण मोठी. एका नर्सरीत मी उघड्या वाफ्यातल्या बोगनवेली निवडून बाजूला ठेवल्या होत्या. टेम्पो घरी आला तेव्हा त्यात सावलीतल्या लांबट, पातळ वेली निघाल्या. फोन केला तर ‘सगळं एकच व्हरायटी आहे’ एवढंच उत्तर. जात एक असली तरी झाड एक नव्हतं, आणि त्या वेलींनी सावरायला पूर्ण हिवाळा घेतला. तेव्हापासून निवडलेल्या प्रत्येक झाडाला मी लाल दोरा बांधते आणि गाडी भरेपर्यंत तिथंच उभी राहते.

कुंपणाला झटपट हिरवी भिंत म्हणून कोनोकार्पस सर्रास सुचवतात. वारा तो झेलतो, यात शंका नाही. तरी मी लावणार नाही. गुजरात सरकारनं 2023 मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. तशीच शोभेची फाउंटन गवतं. त्यांचं बी वाऱ्यावर उडतं, आणि आमच्या अंगणापलीकडं मैलभर चराऊ माळ आहे. तिथं आधीच घाणेरी माजलीय, आणखी एका पाहुण्याची भर माझ्या दारातून पडायला नको.

जायचं असेल तर ऑगस्टच्या शेवटी जा. जूनमध्ये सगळेच लावतात, पण आमच्यासारख्या पूर्वेकडच्या दुष्काळी तालुक्यांत तेव्हा वारा ऐन भरात असतो. आमचा खरा पाऊस सप्टेंबरात पडतो, वाराही उतरलेला असतो, आणि पुढच्या जूनच्या आत मुळांना जमीन धरायला नऊ महिने मिळतात. झाडं उघड्या गाडीतून नेत असाल तर वर ताडपत्री बांधायला सांगा. हायवेवरच्या त्या काही तासांत कोवळी पानं सुकून जातात, आणि ताडपत्री मागितल्याशिवाय कुणी बांधत नाही.