जुने पोकेमॉन, नवे पॅच : काही महिने खेळून झाल्यावर

गेले काही महिने मी चाहत्यांनी बदललेले पोकेमॉन खेळ, म्हणजे रॉम हॅक (रॉम ही मूळ खेळाची फाइल), सोडून दुसरं काही हातात घेतलेलं नाही. नीट खेळले ते चार : क्रिस्टल या मूळ खेळावर बेतलेला पॉलिश्ड क्रिस्टल, मूळ फायररेडवरचे रॅडिकल रेड आणि अनबाउंड, आणि निन्टेन्डो डीएस या यंत्रावरच्या प्लॅटिनमचा रेनेगेड प्लॅटिनम. बाकी बरेच उघडले आणि तासाभरात बंद केले. त्या सगळ्यांचा रोग एकच. यादीत जितके जास्त पोकेमॉन कोंबू तितका खेळ नवा, असा त्यांचा समज. पहिल्या गवतातच वेगवेगळ्या पिढ्यांचे, म्हणजे मालिकेतल्या वेगवेगळ्या काळातल्या खेळांचे, प्राणी अंगावर येतात आणि एकही लक्षात राहत नाही.

चांगला पॅच (मूळ रॉमवर चढवायची बदलांची फाइल) काय घालतो यापेक्षा काय दुरुस्त करतो आणि कुठे थांबतो, हे मी आता आधी बघतो.

एका दुरुस्तीमुळे तर मूळ फायररेड मला आता खेळवत नाही. २००४ च्या त्या खेळात हल्ला शारीरिक धरायचा (म्हणजे ताकद अटॅकच्या आकड्यावरून) की स्पेशल (स्पेशल अटॅकच्या आकड्यावरून), हे त्याच्या टाइपवरून, म्हणजे पाणी-आग अशा जातीवरून, ठरायचं. पाणी, आग, वीज, बर्फ, डार्क हे सगळे स्पेशल. घोस्ट, रॉक, फायटिंग हे शारीरिक. आता ग्याराडोस घ्या. त्याचा अटॅक १२५, स्पेशल अटॅक ६०. पाण्याचा प्रत्येक हल्ला स्पेशल, त्यामुळे वॉटरफॉल मारताना हिशोबात यायचा तो ६०. इतका अक्राळविक्राळ राक्षस आणि स्वतःच्याच टाइपचा हल्ला लुळा. गेंगारचं नेमकं उलट : स्पेशल अटॅक १३०, पण शॅडो बॉल घोस्ट टाइपचा म्हणून शारीरिक, आणि त्याचा अटॅक फक्त ६५. स्नीझलची तर दयाच यायची. डार्क आणि बर्फ असे दोन्ही टाइप स्पेशल, आणि स्पेशल अटॅक ३५!

खेळ बनवणाऱ्या कंपनीने २००६ मध्ये डायमंड आणि पर्ल या खेळांपासून ही वाटणी प्रत्येक हल्ल्यानुसार केली. रॉम हॅकवाले तीच वाटणी मागच्या खेळांत नेतात. वाचायला हा फार तांत्रिक बदल वाटतो. खेळताना मात्र लहानपणी ‘दिसतो भारी, पण कामाचा नाही’ म्हणून साठवणीच्या बॉक्समध्ये टाकलेले निम्मे पोकेमॉन एकदम टीममध्ये येतात. नवीन चित्र नाही, नवीन प्राणी नाही, तरी खेळ निराळा. २०१३ मध्ये आलेला फेअरी टाइपही असाच बहुतेक ठिकाणी जोडलेला असतो. त्याने ड्रॅगनवाल्यांचा माज जरा उतरतो, पण माझ्या मते तो वाटणीइतका महत्त्वाचा नाही.

मग येतो कटकटींचा भाग. जुन्या खेळात झुडूप तोडायला कट, पाण्यावर जायला सर्फ, दगड ढकलायला स्ट्रेंग्थ, आणि हे हल्ले एकदा शिकवले की मूव्ह डिलीटर या पात्राकडे गेल्याशिवाय विसरवता येत नसत. म्हणून प्रत्येकाच्या टीममध्ये एक हमाल असायचा. प्लॅटिनममध्ये ते काम बहुतेकांनी बिबॅरेलला लावलं. फायररेडवरच्या नव्या हॅकमध्ये टीममधल्या एखाद्याला तो हल्ला शिकता येत असला म्हणजे पुरतं, प्रत्यक्ष शिकवायची गरज नाही. कडाब्रा या पोकेमॉनचा अलाकझाम करायला त्याची अदलाबदल करावी लागायची, म्हणजे दुसरा माणूस आणि दुसरं यंत्र लागायचं, ती अट जवळपास सगळ्यांनीच काढली आहे. टीएम, म्हणजे हल्ला शिकवणारी वस्तू, एकदा वापरला की संपत नाही. घरात, गुहेत, कुठेही पळता येतं. यातलं एकेक बारीक आहे, पण सगळं मिळून खेळाचा निम्मा कंटाळा जातो.

पण हेच काढणं हाताबाहेरही जातं. काही हॅकमध्ये पोकेमॉन साठवायचा पीसी खिशात, उपचार खिशात, आणि पहिल्या तासापासून कुठूनही कुठे उडायची सोय. मग शेवटच्या स्पर्धेआधीच्या (लीगआधीच्या) व्हिक्टरी रोड या गुहेचा अर्थच उरत नाही. त्या गुहेत भीती असायची ती पोशन संपत आल्याची आणि मागे फिरावं की पुढे जावं या घालमेलीची. ती गेली की नकाशा म्हणजे दोन लढायांमधला बोळ. त्यात इम्युलेटरवर (जुन्या यंत्रांचे खेळ चालवणारा प्रोग्राम) फास्ट फॉरवर्डचं बटण असतंच. मी ते लढाई सोडून इतरत्र बंद ठेवायला लागलो, कारण त्या वेगात क्रिस्टलमधल्या जोटो प्रदेशाचं संगीत ऐकणं म्हणजे अत्याचार आहे.

अवघडपणाबद्दल बोलायचं तर रॅडिकल रेडवर बोलायलाच हवं. मूळ फायररेडच्या ब्रॉक या पहिल्या लीडरकडे १२ लेव्हलचा जिओड्यूड आणि १४ लेव्हलचा ऑनिक्स. गवत टाइपचा बल्बासोर घेतलेल्याला तिथे विचार करावाच लागत नाही. रॅडिकल रेडचा ब्रॉक टीम बांधून, हातात वस्तू देऊन बसलेला असतो, आणि तुमचा हल्ला चालणार नाही असा पोकेमॉन बघून बदली करतो. लेव्हल वाढवून चिरडावं म्हटलं तर मर्यादा आहे, पुढच्या लीडरच्या बरोबरीच्या वर जाताच येत नाही. डोकं लावलंच पाहिजे. पहिले दोन-तीन लीडर मला फार आवडले. त्यानंतर मात्र लढाईआधी कागदपत्र उघडून समोरच्याची टीम वाचायची, डॅमेज कॅल्क्युलेटरमध्ये आकडे टाकायचे, बॉक्समधून सहा नवे काढायचे, असं चक्र सुरू झालं. हरल्यावरही टीमचा राग येत नाही, गणिताचा येतो. ज्यांना परीक्षेची खुमखुमी आहे त्यांच्यासाठी याच्यासारखा दुसरा खेळ नाही. मला माझ्या चारिझार्डबरोबर प्रवास करायचा होता, आणि इथे चारिझार्ड हा फक्त एक पर्याय.

अनबाउंडने हे जास्त समजूतदारपणे सोडवलंय. बोरियस नावाचा स्वतःचा प्रदेश, स्वतःची गोष्ट, बाजूच्या मोहिमा आणि सुरुवातीलाच अवघडपणाच्या पायऱ्या. खालच्या पायरीवर खेळूनही लढाया फुसक्या वाटत नाहीत. गोष्ट मात्र मध्येच लांबते. संवाद इतके, की काही ठिकाणी मी नुसतं बटण दाबत सुटलो. रॅडिकल रेड आणि अनबाउंड हे दोन्ही हॅक फायररेडसाठी चाहत्यांनीच लिहिलेल्या एकाच सामायिक इंजिनवर उभे आहेत, हे खेळताना मेन्यूंवरून जाणवतं.

हे सगळं शक्य का झालं, तेही सांगण्यासारखं आहे. पूर्वी रॉममधली मोकळी जागा शोधून, हेक्स एडिटरने एकेक आकडा बदलत काम चालायचं. नंतर प्रेट नावाच्या गटाने जुने खेळ उलगडून त्यांचा वाचता येईल असा सोर्स कोड पुन्हा लिहून काढला. गेम बॉयचे खेळ असेंब्ली भाषेत, एमराल्ड आणि फायररेड सी भाषेत. तो कोड कंपाइल केला (यंत्राला चालवता येईल असा केला) की मूळ रॉमशी बाइटन् बाइट जुळणारी फाइल निघते. एमराल्डच्या या कोडवर आता तयार विस्तार आहे, आणि त्यात अमुक नियम कोणत्या पिढीचा हवा ते सेटिंग्जच्या फाइलमध्ये एका ओळीत बदलता येतं. म्हणूनच गेल्या काही वर्षांत हॅकचा पूर आलाय, आणि म्हणूनच त्यातले बरेच एकमेकांसारखे दिसतात.

पॉलिश्ड क्रिस्टल मला चौघांत सर्वांत जास्त का आवडला, त्याचं कारण इथेच आहे. तोही अशाच उलगडलेल्या कोडवर बांधलाय, पण गेम बॉय कलरच्या चौकटीत. मूळ खेळात पोकेमॉनचा क्रमांक एका बाइटमध्ये मावतो, म्हणजे अडीचशेच्या आसपास मर्यादा आली. मी खेळलेल्या आवृत्तीत नंतरच्या पिढ्यांमधली काही रूपं घ्यायला जुन्यांपैकी काहींना चक्क वगळलंय. काही लोक त्यावर चिडतात. मला तेच पटलं, कुणीतरी बसून निवड केलीय. मूळ गोल्ड-सिल्व्हरमध्ये हाउंडूर, स्लग्मा हे जोटोचे म्हणवणारे पोकेमॉन जंगलात भेटायचे ते कांटो या दुसऱ्या प्रदेशात, म्हणजे लीग जिंकून झाल्यावर. असला वेडेपणा इथे जाणवत नाही. आणि तरीही रात्र पडल्यावरचे ते निळे रंग, तो जुना आवाज, सगळं क्रिस्टलचंच वाटतं.

रेनेगेड प्लॅटिनमबद्दल थोडक्यात. डायमंड-पर्लमध्ये आगीचे पोकेमॉन इतके कमी होते, की आगीचा तज्ज्ञ म्हणवणारा फ्लिंट टीममध्ये स्टीलिक्स आणि लोपनी घेऊन उभा असायचा. प्लॅटिनममध्ये कंपनीनेच ते सुधारलं. रेनेगेड त्याच्या पुढे जाऊन चौथ्या पिढीपर्यंतचे सगळे ४९३ मिळवून देतो आणि तरी सिनोह प्रदेशाचा नकाशा जसाच्या तसा ठेवतो. पहिल्यांदा शिरणाऱ्याला मी हाच सुचवेन.

आता व्यवहाराच्या गोष्टी. पॅचच्या फाइलमध्ये खेळ नसतो, फक्त फरक असतो; मूळ रॉम तुमच्या स्वतःच्या कार्ट्रिजवरून काढलेली हवी. तरीही कायद्याची टांगती तलवार आहेच. २०१६ मध्ये युरेनियम हा चाहत्यांचा खेळ आणि प्रिझम हा हॅक, दोन्ही निन्टेन्डोच्या वकिलांमुळे मागे घ्यावे लागले. म्हणून आवडलेल्या हॅकची पॅच फाइल जपून ठेवा. फायररेडच्या १.० आणि १.१ अशा दोन आवृत्त्या आहेत, आणि रॅडिकल रेडला १.० लागते. यूपीएस आणि बीपीएस प्रकारचे पॅच चुकीची रॉम ओळखतात, कारण त्यांच्यात चेकसम, म्हणजे फाइल ताडून बघायचा आकडा, असतो. जुना आयपीएस प्रकार काही न विचारता लागतो आणि मग खेळ भलत्याच ठिकाणी गोठतो.

इम्युलेटरमध्ये सेव्हचा प्रकार फ्लॅश १२८ केबी ठेवा. नाहीतर फायररेड सुरू होतानाच ‘वन एम सब-सर्किट बोर्ड’ बसवलेला नाही असं काहीतरी सांगतो आणि सेव्ह करत नाही. आणि हॅकची नवी आवृत्ती आली की इम्युलेटरचा सेव्ह स्टेट विसरा. त्यात जुन्या कोडच्या मेमरीची प्रत असते, नव्या रॉमवर ती उघडली की काहीही होऊ शकतं. पोकेमॉन सेंटरमध्ये उभं राहून खेळातल्या मेन्यूतून सेव्ह करा, ती फाइल दुसरीकडे कॉपी करा, आणि मगच नवा पॅच लावा.